डावी कळी, उजवी कळी

संकटात देव भक्ताच्या जवळ येतो, असे म्हणतात. भूकंपानंतर आमच्या पेठेतली देवी खरोखरच जवळ आली. देवळाच्या शिखराला तडा गेल्यामुळे गुरवाने तिला मैदानात, आमच्या शेजारच्या तंबूत आणून ठेवले होते.

निम्मा सातारा त्या मैदानात राहत होता. घरे उभी होती, पण जमीन मधूनच थरथरे आणि आत निजण्याचा धीर कोणाला होत नसे. बायका धावत घरात शिरत आणि पीठमीठ घेऊन पळत बाहेर येत. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी भूमिशांतीचा होम मांडला. त्याच्या धुराने खोकणाऱ्यांत तेवढी भर पडली. माझी पत्नी आधीच खोकत होती. मार्गशीर्षातले दव गोणपाटातून झिरपे. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "न्यूमोनिया आहे. उघड्यावर ठेवाल तर हाती लागणार नाही." सांगलीला माहेरी न्यावे, तर प्रवास तिला झेपणारा नव्हता. घरात न्यावे, तर तिच्या खोलीची भिंत पोट काढून उभी होती.

मी देव मानत नसे. म्हणजे सगळे ठीक असताना मानत नसे. त्या सकाळी आंघोळ करून कौल मागायला उभा राहिलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. उजवी पडली तर घरात न्यायचे, डावी पडली तर बाहेरच ठेवायचे. कळ्या पडेनात. माझ्यामागे एक म्हातारी हरवलेल्या म्हशीचा कौल घ्यायला ताटकळली होती.

"आवं मास्तर, किती येळ? तवर माझी म्हस फलटनला पोचंल की!"

"मावशे, दम धर जरा," गुरव म्हणाला. "बाईच्या जिवाचा कौल हाय."

इतक्यात जमीन हलली. समई कलंडली, मैदानभर आरडाओरड झाली. सगळे शांत झाल्यावर पाहिले, तर दोन्ही कळ्या खाली पडलेल्या. गुरव पिढीजात कौल लावणारा. त्यालाही याचा अर्थ लावता येईना. विचारायला आता कोणी उरले नव्हते. 'तूच बघ,' एवढेच मनात आले. ते कोणाला उद्देशून होते, हे मला आजही सांगता येत नाही.

"घरात बी न्हाई, भाईर बी न्हाई," म्हातारी म्हणाली. "मग माझ्या खोपीत आना की तिला. उसाच्या पाचटाची हाय, पडली तरी डोस्कं फुटायचं न्हाई. म्हशीची जागा रिकामीच हाय."

आणि स्वतःचा कौल न मागताच ती माझ्यापुढे चालू लागली.

खोपीत शेणाचा वास होता, धूर होता, आणि ऊब होती. म्हातारी रात्रंदिवस पत्नीची छाती शेकत राहिली. मी बाहेर बसून श्वास ऐकत असे. तो घरघरत का होईना, चालू आहे एवढेच पाहायचे. एका पहाटे ताप उतरला आणि पत्नीने पेज मागितली.

देवी बोलली की नुसती जमीन हलली, हा वाद मी घालत नाही. मी देवीपुढे दोनच वाटा मांडल्या होत्या. तिसरी मला सुचलेली नव्हती. तेव्हापासून प्रार्थनेत काय हवे ते सांगतो, कसे द्यावे ते सांगत नाही.

पत्नीला चालता येऊ लागल्यावर आम्ही देवीची ओटी भरली. पत्नी बराच वेळ हात जोडून उभी होती. परतताना मी हलकेच विचारले, "खोपीत असताना तुला काय जाणवलं गं?"

"पिसवा," ती म्हणाली.