आधी मी घालते

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर पचनसंस्था शिकवत होते. शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, "बाई, नांदेडहून फोन हाय. पोरगी रडून राहिली." नांदेड म्हटल्यावर मी खडू तसाच टेबलावर टाकला. ऑफिसात जाऊन रिसीव्हर उचलला तर पलीकडं नजमाची धाकटी बहीण, रुबिना. "बाई, आपा गेली," एवढंच म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. मी विचारलं, "कशानं गं?" "ताप होता. डोक्यात गेला म्हणे..." आणि मग लगेच, "बाई, लोक काय काय बोलून राहिलेत." माणूस गेल्याची बातमी आणि लोक काय बोलतात ही बातमी एकाच दमात यावी! तिथल्या तिथं मला असा संताप आला म्हणता... लोक काय बोलत असतील हे मला लातुरात उभ्या उभ्या ऐकू येत होतं. इतकी वर्षं तेच तर बोलत आलेत मेले.

नजमा शिवणकाम करायची. शाळांच्या गॅदरिंगचे, नाटकांचे कपडे शिवायची आणि भाड्यानं द्यायची, आणि तेही सगळे जुन्या कपड्यांतून. आमची ओळख झाली भूकंपाच्या वर्षी. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. भूकंपाच्या धसक्यानं त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच, आणि मशीन हिच्या हातात आलं. आमचं शहर तसं वाचलं होतं, गावं गेली ती किल्लारीकडची. पण लातुरातही कुणी घरात झोपत नव्हतं. पितळी तांबे-पेले एकावर एक उपडे रचून ठेवायचे, जमीन हलली की पडून आवाज व्हावा म्हणून. मांजरानं ते पाडले की अख्खी गल्ली रस्त्यावर. त्याच दिवसांत देशभरातून ट्रकच्या ट्रक जुने कपडे यायला लागले. कोट काय, शेरवान्या काय, झगमगत्या साड्या, लोकरीचे स्वेटर... ज्यांचं सगळं गाडलं गेलं होतं ती माणसंसुद्धा ते अंगाला लावेनात. "कुण्या मेलेल्याचं असंल," म्हणायची. आधीच एवढी मढी उचललेली माणसं, त्यांना काय समजवणार? शेवटी रस्त्याच्या कडेला ढीग पडले. औशाच्या वाटेवर असा एक ढीग होता, लांबून माणसं निजल्यासारखा दिसायचा. एसटी तिथून जाताना मी खिडकीतून दुसरीकडं बघायचे.

नजमानं तो ढीग उचलला. ती आणि रुबिना, दोघी हातगाडा घेऊन गेल्या आणि खेपा करून सगळं घरी आणलं. मोठ्या डेगीत लिंबाचा पाला घालून कपडे उकळले, पत्र्यावर वाळवले. मी तेव्हा नवी मास्तरीण, आणि शाळेत नव्या बाईच्या गळ्यात गॅदरिंग मारायची रीतच असते. बाजारातले भाड्याचे कपडे परवडेनात म्हणून कुणीतरी तिचं नाव सांगितलं. गेले तर ही बया भर दुपारी, सलवार-कमीजवर पुरुषाचा काळा कोट घालून मशीनवर बसलेली. घामानं नुसती निथळत होती. मी म्हटलं, "हे काय गं ध्यान?" ती हसली. "जुना कपडा आधी मी घालते बाई. दिवसभर. काई झालं न्हाई, तर मग कात्री लावते."

"आणि झालं तर?"

"तर मला होईल ना. लेकरांना तर न्हाई होणार."

मी शास्त्र शिकवणारी बाई. तिला जंतू, उकळतं पाणी, सगळं सांगितलं. ती "हाव, हाव" म्हणत राहिली आणि कोट काही काढला नाही. मी हसण्यावारी नेलं खरं, पण घरी जाताना अंगावर काटा आला होता हेही सांगते. त्या वर्षी आमच्या गॅदरिंगला जे कपडे झाले ते लातुरानं पाहिले नव्हते! कोटाचे सरदार झाले, साड्यांच्या काठांचे शेले-पागोटी झाली. आणि कुठल्या तरी बंगल्यातल्या मखमली पडद्याचा राणीचा झगा झाला, डाळिंबी रंगाचा. राणी झाली होती सहावीतली वैशाली. झगा तिला फार मोठा व्हायचा, म्हणून नजमानं आत दुमडून लांब लांब टाके घातले होते. नाटक संपलं तरी पोरगी तो उतरवायला तयार होईना. तशीच झगा घालून, घोळ दोन्ही हातांनी उचलत, बापाच्या सायकलवर बसून घरी गेली. मीच "जाऊ द्या, उद्या आणून दे" म्हटलं. तिच्या घरच्यांनी तो परत केलाच नाही, ती रोज घरी घालून बसायची म्हणे.

उन्हाळा लागायच्या सुमाराला वैशालीला कावीळ झाली आणि ती गेली. त्या वर्षी टँकरच्या पाण्यानं गल्लोगल्ली कावीळ होती. पण तिची आजी म्हणाली, "भूकंपातल्या मेलेल्यांची कापडं लेकराच्या अंगाला लावली," आणि मग कुणाला पाणी आठवतंय! ते कपडे मुंबई-पुण्याकडून आलेले, भूकंपाशी त्यांचा काय संबंध? मी घसा फोडून सांगितलं. एका दुपारी वैशालीचे वडील तो झगा बोचक्यात बांधून नजमाच्या दारात आले, मागं पाच-पंचवीस माणसं. कुणाच्या तरी हातात रॉकेलचा डबा होता. "तुझ्याच दारात जाळणार हाय हे," म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो तो, दुःखानं वेडापिसा झाला होता. मला कुणीतरी बोलावून आणलं म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. नजमा पायरी उतरून खाली आली. त्यांच्या हातातून बोचकं घेतलं, सोडलं. वैशालीसाठी घातलेले टाके तिनं एकेक करून दातांनी तोडले. झगा झटकला आणि सगळ्यांच्या देखत अंगात घातला. "काका," म्हणाली, "ह्यात काई असंल तर आता मला होऊ द्या." वैशालीचे वडील तिथंच पायरीवर बसले आणि डोकं धरून रडले. मग रॉकेलवालाही निघून गेला.

तो सबंध उन्हाळा नजमा मखमलीचा झगा घालून मशीनवर बसली. लातूरचा मे महिना, वर पत्रा! अम्मी तिच्या हातापाया पडायची, "नक्को करू बेटी, नक्को." ही ऐकायची नाही. येणारे-जाणारे मुद्दाम त्या गल्लीतून जायचे आणि तिच्याकडे असे बघायचे... वाट बघितल्यासारखे. भाजीवाली मला विचारायची, "अजून बरी हाय का वो ती?" त्या 'अजून'नं माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण खरं सांगू का, मीही सकाळी शाळेत जाताना वाट वाकडी करून तिच्या दारावरून जायचे आणि मशीनचा आवाज ऐकू आला की मगच श्वास सोडायचे. पावसाळा आला, तिला काही झालं नाही. अंगावर घामोळं तेवढं उठलं होतं. मला वाटलं, चला, सुटलो. कसलं काय! तिला काही झालं नाही याचाही लोकांना रागच आला. शाळांनी तिच्याकडून कपडे घेणं बंद केलं, आमच्याही शाळेनं. वडील गेल्यावर अम्मी आणि दोघी बहिणींनी बिऱ्हाड उचललं आणि त्या नांदेडला खालाच्या, म्हणजे मावशीच्या, आसऱ्याला गेल्या.

नांदेडात तिचं बस्तान बसलं ते क्लासवाल्यांमुळं. तोवर तिकडं आणि आमच्याकडंही कोचिंगचं पेव फुटलं होतं. ज्याला-त्याला पोरगं डॉक्टर करायचं. घराघरांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या, देगलूर-कंधार-अर्धापूरकडची पोरं त्यात येऊन पडली. क्लासवाल्यांचे निकाल लागले की सत्कार, वर्ष संपलं की निरोप समारंभ, त्यात नाच, नाटुकली. कपडे नजमाचे. आणि कपडा तिला मिळायचाही त्या पोरांकडूनच. परीक्षा झाली की पोरं बादली, गादी, चांगले धड शर्ट खोलीत टाकून निघून जायची. घरमालक हिला बोलावून गठ्ठे देऊन टाकायचे. मी सुट्टीत तिच्याकडे जायचे, गठ्ठ्यांवर बसून चहा प्यायचे. एकदा मला म्हणाली, "बाई, ही पोरं एवढे चांगले कपडे का सोडून जात असतील?" मी म्हटलं, "ओझं कोण नेतं?" तर मान हलवून म्हणाली, "न्हाई. त्यांना ते दिवस परत अंगाला लावायचे न्हाईत."

मग गेल्या हिवाळ्यात एका घरमालकानं तिला गठ्ठा दिला. परीक्षा अजून लांब होत्या. "आत्ताच कसं काय?" तिनं विचारलं. "पोरगं गावाकडं गेलं. परत येणार न्हाई," तो म्हणाला. खोटं बोलला असंही म्हणता येत नाही, बघा. गठ्ठ्यात हिरव्या चौकटीचा एक शर्ट होता, खिशाला शाईचा डाग. तिनं नेमाप्रमाणं उकळला, वाळवला, दिवसभर घातला. काही झालं नाही. मग कापून विदूषकाच्या ठिगळांच्या झग्याला लावला. निरोप समारंभात विदूषक स्टेजवर उड्या मारत आला, पोरं खो खो हसली, आणि पुढच्या रांगेतला एक मुलगा ताडकन उभा राहिला. "हा आमच्या संदीपचा शर्ट आहे... शाई माझ्याच पेनची आहे." संदीपनं त्या पत्र्याच्या खोलीत स्वतःला संपवलं होतं. खोली रिकामी राहील म्हणून मालकानं गुपचूप निस्तरलं होतं सगळं. पण त्या मालकाला कुणी एक शब्द विचारला नाही. बोट कुणाकडं? कपडे शिवणारीकडं. लातूरचं जुनं प्रकरणही कुठून तरी उकरून निघालं. या दोन गावांत पोरं जातात-येतात तशा गोष्टीही जातात-येतात.

मी एसटी धरून गेले. वाटलं होतं, तावातावानं भांडायला बसली असेल. ती त्या विदूषकाच्या झग्याची हिरवी ठिगळं उसवत बसली होती, संदीपच्या आईकडं, त्याच्या त्या मित्राबरोबर पाठवायला. "बाई, ह्या वेळी लोक खरं बोलून राहिलेत," म्हणाली. "मयताचाच होता." मी म्हटलं, "मग? तुला काही झालं का?" तिनं माझ्याकडं बघितलं... तसं तिनं कधी बघितलं नव्हतं. "तेच तर. दिवसभर माझ्या अंगात होता. एवढं दुःख त्या लेकराला, आन् मला काई म्हणजे काई कळलं न्हाई. मग मी घालून बघते ते कशासाठी?"

पावसाळ्यात तिच्या गल्लीत तापाची साथ आली. घरटी एक माणूस पडलं होतं, त्यातली बहुतेक उठली. नजमा उठली नाही. तिशी नुकती उलटली होती तिची.

ती गेल्याला चाळीस दिवस झाले तेव्हा चाळिसाव्याला मी नांदेडला गेले. जेवणं झाली, बायका बसल्या होत्या, आणि रुबिना कोपऱ्यात आपाच्या कपड्यांची पेटी उघडून रडत होती. गेलेल्याचे कपडे गोरगरिबांना देऊन टाकतात, पण हिचे कुणी घेईना. मशिदीच्या दारातल्या फकिरानं हात जोडले. धुणंवाली नको म्हणाली. जुन्या बाजारातला बोहारी, ज्याच्याकडून नजमा कपडा कमी पडला की गठ्ठे घ्यायची, तो म्हणाला, "नजमाच्या अंगातले? न्हाई बा." सबंध जगाचे टाकलेले कपडे जिनं अंगावर घेतले, तिचे कपडे कुणाला नकोत! माझं माथं भडकलं. मी उठले, पेटीतून वरचाच एक निळा कुर्ता उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन घालून आले. काखेत घट्ट होत होता, ती काडी आणि मी ही अशी. रुबिनानं डोळे पुसले, ब्लेड घेतलं आणि बायकांच्या देखत बाजूच्या शिलाया उसवून मला मोकळा करून दिला. अम्मी माझा हात धरून म्हणाली, "नक्को बाई. तुमच्या घरी लेकरू हाय."

नांदेडहून आल्यापासून मी घरी तोच कुर्ता घालते. आमच्याकडंही आता साथ आहे. वर्गात निम्मी पोरं नाहीत. परवापासून माझंही अंग कणकणतंय, आज चांगलाच ताप भरलाय. माझी लेक बारावीला आहे, क्लासला जाते, डॉक्टर व्हायचंय तिला. मघाशी तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "आई," म्हणाली, "मला माहितीय तसं काही नसतं. पण तू आधी तो कुर्ता काढ ना." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी तिला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, ताप उतरला की काढीन, धुवायला. आधी नाही.