बाबांचा राजीनामा

आमच्या घरात कॉलेज पास झालेली पहिली मी. त्यामुळे इंग्रजीतली नोटीस आली तेव्हा बाबांनी ती सरळ माझ्यापुढे टाकली. "वाच." मी वाचली. कळली अर्धीच, पण चेहरा पूर्ण कळल्यासारखा ठेवला.

झालं होतं असं, की शेजारच्या मुलीच्या लग्नात भात कच्चा निघाला आणि बाबांनी केटररच्या पेजवर लिहिलं, "भात कच्चा, केटरर चोर." केटरर जवळच्याच कुम्हारी गावचा. त्याने बदनामीचा दावा ठोकायची धमकी दिली होती. बाबांना एकच धास्ती, नोकरीच्या ठिकाणी, प्लांटमध्ये कळलं तर?

दुर्गच्या आमच्या वकिलांनी केटररलाही बोलावून घेतलं. बाबांना म्हणाले, "अंकल, भात कच्चा लिखा, ठीक. चोर क्यों लिख दिया? साबित करोगे?"

बाबांनी मान खाली घालून माफी मागितली. केटररही मवाळ झाला. वकील खूश. "बस, तो राजीनामा कर लेते हैं."

बाबा ताडकन उठले. "एका शब्दापायी राजीनामा? काई देत नाई! करा केस!"

मीही उभी राहिले. आमच्या घरी राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, दुसरा अर्थच नाही. पण मी ग्रॅज्युएट, गप्प थोडीच बसणार! "एक कमेंट के लिए पापा नौकरी क्यों छोड़ें?" मी टेबलावर हात आपटून विचारलं.

"नौकरी?" वकील आमच्याकडे बघतच राहिले. "अरे बेटा, राजीनामा मतलब समझौता! कोर्ट में यही बोलते हैं."

केटररला हसू आवरेना. "नौकरी झन छोड़ कका, मत छोड़, कमेंट भर हटा दे!" मग हळूच म्हणाला, "भात तो कच्चा था, मानता हूं."

बाबा इतके हसले, की समझौत्याच्या कागदावरची सही वाकडी आली. कमेंट मी तिथेच काढून टाकली.

बाहेर येताच बाबांनी आईला फोन लावला. आवाजात नुसता आनंद. "झालं वो! राजीनामा देऊन आलो!"

पलीकडून आईचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका मोठा. "कावून दिला? मले इचारलं का? तिथंच थांबा, मी येऊन राहिली वकिलाकडं!"

मी फोन हिसकावून समजवायला लागले, पण ती ऑटोत बसलीसुद्धा होती.