अंगणातल्या पाट्यांची चोरी

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, पण एडिसनच्या गल्लीतली पाट्यांची चोरी डोक्यातून जात नाही. तेव्हा मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. शिक्षण माझं सातवी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. मग आम्ही दोघं नवरा-बायको इथं अमेरिकेत मुलाकडे आलो. आदल्या हिवाळ्यात ही गेली.

इथं अध्यक्षाच्या निवडणुकीला भोंगा नाही, मांडव नाही. आपल्या उमेदवाराची पाटी अंगणात रोवायची, झाला प्रचार. सुनेने निळी रोवली, शेजारच्या नागपूरकर इंजिनिअरने लाल. तरी दोन्ही घरांचं चांगलं होतं. ही आजारी असताना त्याची आई रोज मऊ भात घेऊन यायची.

ऑक्टोबरात सुनेची पाटी गेली. नवी लावली, तीही गेली.

"बाबा, हा शेजाऱ्याचाच उद्योग! मी पोलिसांना कॉल करते. आणि दिवाळीच्या फराळाचं त्यांचं इन्व्हिटेशन कॅन्सल!"

"पोलीस घरातच बसलाय. आधी मला बघू दे."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. ते घर तुटलं तर हिच्याबद्दल दोन शब्द बोलायला मला उरणार कोण?

घटनास्थळ पाहिलं. गवतात पाटीच्या तारांची दोन भोकं, बाकी माती जागच्या जागी. रागाने उपटणारा माणूस माती उकरतो. हे काम सावकाश केलेलं होतं. दारावरच्या कॅमेऱ्याला पायरीपलीकडचं दिसत नव्हतं. मग शेजाऱ्याचा जबाब घेतला.

"काका, माझी पण गेली ना! तुमच्या सूनबाईंनाच विचारा. दर शनिवारी शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जाऊन प्रचाराला लोकांची दारं ठोठावतात, इथं माझी पाटी खुपली असेल!"

तिथंच धागा मिळाला. दोन्ही पक्षांचा माल नेतो त्याला पक्षाशी देणंघेणं नसतं, मालाशी असतं. आता हा माल कुणाच्या उपयोगाचा? आणि माती जपून उपटणारा हात झाडं लावणाऱ्याचा. विचारलं, "आई कुठंय?" म्हणाला, "मागं, तिच्या झाडांत."

मागं गेलो. एका कुंडीभोवती निळ्या-लाल पाट्या दाटीवाटीने उभ्या. मध्ये कढीपत्ता, शेजारी त्याची आई.

"वहिनी, या पाट्या?"

"उचलून आणल्या जी. काऊन, काय झालं?"

"चोरी झाली ही."

"चोरी कशाची बाप्पा? मतदान तर जूनमध्येच झालं. पोरगा छातीवर मतदान केल्याचं स्टिकर लावून आला होता. आपल्याकडे निवडणूक सरली की फ्लेक्स ज्याच्या हाती लागेल त्याचा. आमच्या गोठ्यावर तर आमदार तीन पावसाळे पालथा पडला होता!"

हसू दाबून मी समजावलं. जूनमध्ये पक्षांनी आपापला गडी निवडला, ती घरातली कुस्ती. खरी नोव्हेंबरात. मलाही हे सुनेनेच शिकवलेलं.

"एवढा पसारा? आणि आपल्या गल्लीत एक पुढारी फिरकला नाही!"

"फिरकणार नाही. राज्य ज्याने मारलं, त्या राज्याचं सगळं वजन त्याच्या पारड्यात. आपलं राज्य कुणाकडे जाणार ते त्यांनी धरलेलंच असतं. चुरस पेनसिल्व्हेनियात, म्हणून सून तिकडं जाते."

"जाऊ द्या तिला. पण पाट्या आत्ता नका नेऊ. वारा लागेल."

"कढीपत्त्याचं एवढं काय?"

"तुमच्या बायकोचाच आहे तो. ती गेल्यावर तुमच्याकडं सुकत होता, म्हणून मी आणला. घरात हीटरने पानं गळतात, बाहेर वारा झोडपतो. म्हणून आडोसा केला."

तपास तिथंच बंद केला.

सुनेला आणून ती कुंडी दाखवली. ती आधी हसली, मग वहिनींच्या गळ्यात पडली. पाट्या कुणीच परत मागितल्या नाहीत. फराळाला सगळे आले.

एक गोष्ट पक्की कळली. रागावलेल्या माणसाला चोर आधीच सापडलेला असतो, म्हणून त्याला विचारून तपास करू नये. नोकरीत हे कुणी शिकवलं नव्हतं.

नोव्हेंबरात सून आणि शेजारी एकाच गाडीतून मतदानाला गेले, एकमेकांचं मत कापायला. मला इथं मत नाही. थंडी वाढली होती; तोवर मी आणि वहिनींनी कुंडी उचलून आत, हीटरपासून लांब ठेवली.