सरपंचबाईंचा ठराव आणि क्रांतीचं लग्न

शालूबाई सरपंच झाल्या तेव्हा त्यांच्या म्हशींना काही फरक पडला नाही, आणि गावालाही पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. कळंब्याच्या पलीकडचं ते गाव. तिथली लग्नं नेत्यांसाठी खोळंबायची. मुहूर्त टळून जायचा, माइकवर सत्कार चालू, आणि पाहुणे उपाशीपोटी घामाघूम. शालूबाईंनी ग्रामसभेत ठराव मांडला, मुहूर्ताला अक्षता पडणार, कुणासाठीही थांबायचं नाही. बायकांनी धडाधड हात वर केले. पुरुष गालातल्या गालात हसले. असले ठराव कागदावरच शोभतात, असा त्यांचा आजवरचा अनुभव.

नेमकं पहिलंच लग्न आलं ते शालूबाईंच्या लेकीचं, क्रांतीचं. पत्रिकेवर आमदारांचं नाव, आणि गावच्या पाण्याच्या टाकीचं घोडंही त्यांच्याच दारात अडलेलं. मुहूर्त तोंडावर आला तरी साहेबांच्या गाडीचा पत्ता नाही. शालूबाईंचा नवरा जोतीराम कानाशी लागला, साहेब रुसले तर टाकी गेलीच म्हणून समज. शालूबाई डळमळल्या. ठराव करणाऱ्या बाईनंच भटजींना जरा दमानं घ्यायला सांगितलं आणि मुठीतल्या अक्षता तशाच घेऊन त्या साहेबांची गाडी बघायला वेशीकडं निघाल्या. अख्खा मांडव आपल्याकडं बघतोय, हे त्यांना न बघताही कळत होतं. शरमेनं मान वर होत नव्हती.

वेशीत पोचतात तोच कर्ण्यातून लेकीचा आवाज आला. भटजींचा माइक चालूच राहिला होता.

"सुरू करा भटजी. कुणासाठी थांबायचं न्हाय, असा ठराव हाय की."

भटजी चाचरले, आई अजून आलेली नाही म्हणाले.

"कुणासाठी म्हंजे आईसाठी बी न्हाय."

मांडवात हशा पिकला, टाळ्या पडल्या आणि मंगलाष्टका सुरू झाल्या. लेकीचं लग्न लागतंय आणि आई वेशीत! शालूबाईंना क्षणभर कार्टीचा राग आला. मग आतून असा काही आनंद उसळला की त्या एकट्याच हसत सुटल्या. ठराव आता त्यांचा उरलाच नव्हता, तो गावाचा झाला होता.

गाडी आली ती 'सावधान'च्या ठेक्यावरच. शालूबाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावून अक्षता मांडवाच्या दिशेनं भिरकावल्या. त्यातल्या निम्म्या, दार उघडून उतरणाऱ्या आमदारांच्या कडक इस्त्रीवर पडल्या.

"लग्न लागलं पण?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब, ठराव लागू झालाय आमच्यात," डोळे पुसत, पदर खोचत शालूबाई म्हणाल्या. "पळा आता. पयल्या पंगतीत जागा गावली तर गावली."

आणि साहेबांची वाट न बघता त्या स्वतःच पुढं पळाल्या.