हळदीच्या धाग्याचं सोयाबीन

सोयाबीन वेळेवर कापलं नाही तर शेंगा उभ्यानंच तडकतात. अमडापूरजवळच्या आमच्या संशोधन केंद्रावरचे किस्सेही तसेच. दाबून ठेवले की फुटलेच!

आमचे साहेब पुण्याकडचे. ध्यास एकच: जास्त प्रोटीन आणि जास्त एकरी उतारा, दोन्ही एकाच झाडात. निसर्गाला ही कल्पना पसंत नाही. एक वाढलं की दुसरं बसतं. तरी साहेबांनी शेतकरी मेळाव्यात प्रोटीनवर तासभर भाषण ठोकलं. शेवटी साखरखेर्ड्याचे एक बुवा उठले, "सारं खरं हाय साहेब. पण व्यापारी काट्यावर पोतं ठेवते. प्रोटीन त्याले दिसन कसं?"

* * *

मग वरच्या समितीनं दम भरला: पुढच्या हंगामात नवा संकर दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद!

आपली सगळी वाणं म्हणजे एकमेकांची मावसभावंडं. त्यांच्यातच सोयरिकी करून नवं काय निघणार? म्हणून साहेबांनी लांबून एक रानटी बाप मागवला. काळं, बारीक बी, जांभळं फूल. आई आमची पांढऱ्या फुलाची. पोर जांभळं फुललं, की संकर साधला.

मी साहेबांचा मदतनीस. पाकिटातलं बी पाहून म्हणालो, "साहेब, हा जावई? याला कोणी चहासुद्धा विचारला नसता!"

* * *

सोयाबीनची कळी ज्वारीच्या दाण्याएवढी. ती चिमट्यानं उघडायची, बापाचे पराग लावायचे आणि देठाला खुणेचा लाल धागा बांधायचा. साहेब रोज सकाळी स्टुलावर बसून हेच करत.

निंदायला येणाऱ्या विमलमावशींनी मला विचारलं, "साहेब काय करून राह्यले बे?"

मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "झाडाइचे लग्नं लावून राह्यले."

"अन् जमते?"

"साहेबाच्या हातानं? हमखास!"

मावशींचा थोरला पस्तिशीला टेकलेला. शेती बरी, पण पोरगी कोणी देईना. मावशींची नजर त्या लाल धाग्यावरच खिळली.

* * *

चार दिवसांनी साहेब प्लॉटमध्ये गेले आणि किंचाळलेच. जिकडेतिकडे लाल धागे! मावशींचं ऐकून गावातल्या लग्नाळू पोरांच्या आया धागा बांधून नवस बोलून गेल्या होत्या. साहेबांचे धागे कोणते, ब्रह्मदेवालाही सांगता येईना. ओळखू येत होता फक्त मावशींचा. त्यांनी तो हळदीत बुडवला होता.

"अहो, हे विज्ञान आहे!"

"असू द्या ना," मावशी म्हणाल्या. "देव काही बोलून नाही राह्यला, तुम्ही काऊन चिडता?"

* * *

पुढच्या पावसाळ्यात धाग्याधाग्याचं बी वेगळ्या ओळीत पेरलं आणि ओळीच्या खुंटीला तोच धागा बांधला. समिती यायच्या आदल्या दिवशी फुलं उमलली. पांढरी. पांढरी. पांढरीच! साहेब मटकन बांधावर बसले.

तेवढ्यात कोपऱ्यात एक ओळ दिसली. जांभळी! खुंटीला धागा होता हळदीचा.

समितीनं फोटो काढले, साहेबांची पाठ थोपटली, प्रकल्प वाढवला. हे कसं साधलं, ते कोणी विचारलं नाही. साहेबांनीही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मावशी पेढे घेऊन आल्या. "थोरल्याचं जमलं! नांदुऱ्याची हाय पोरगी. तुमच्यावाल्या धाग्याइले आला का गुण?"

साहेबांनी पेढा खाल्ला, वर आणखी एक उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच चिमटा, तेच स्टूल. धागा बांधता बांधता साहेब थांबले. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच हाक मारली,

"मावशी, तुमचा धाकटा अजून बिनलग्नाचाच आहे ना?"