परत जिनिंगवर

गेल्या हंगामात मी नांदुऱ्याकडच्या जिनिंगवरची नोकरी सोडली. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि माल कोरडा असला तरी 'ओला हाय' म्हणायचं, म्हणजे शेठला भाव पाडता येई. हेच माझं काम होतं. घरी मात्र पाठ दुखते म्हणून सोडली असं सांगितलं.

बाहेर कुठं जमलं नाही. दिवाळीनंतर परत गेलो. शेठ चार शब्द सुनावेल असं वाटलं होतं. त्यानं चहा मागवला.

"आला का बे? तुह्यावानी हात दुसऱ्या कोनाचा नाही."

पहिलीच गाडी आमच्या वडनेरच्या एका मावशीची निघाली. मला पाहून तिचा चेहरा खुलला. "बरं झालं बापा, तू हायेस. आपला मानूस असला का जिवाले बरं वाटते."

मी हात घातला. बोटांना कोरडा, उबदार कापूस लागत होता आणि तोंडातून 'ओला हाय, मावशी' निघूनही गेलं होतं. शेठनं तर अजून काही सांगितलंही नव्हतं.

"तू म्हनतं तं असंन," ती म्हणाली आणि गाडी काट्यावर घ्यायला सांगितली.

दुपारी त्याच हातानं मी डबा खाल्ला, पोटभर. त्याची शिसारी अजून जात नाही.