शनिवारची आरोळी

बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या सप्टेंबरात, एका शनिवारी दुपारी, ते आमच्या टीव्हीतून ओरडले. मी हॉलमध्ये धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. समोर आमच्या गावच्या विद्यापीठाची फुटबॉलची मॅच चालू होती. म्हणजे मीच लावली होती, घरात जरा माणसांचा आवाज असावा म्हणून. आमच्या टीमच्या पोरानं समोरच्याला आडवं केलं, प्रेक्षकांचा गलका उठला आणि त्या गलक्यातून स्पष्ट ऐकू आलं, "धर बेऽ! धर बेऽ!" हातातला टॉवेल हातातच राहिला.  पहिली गोष्ट मी काय केली असेल, तर टीव्हीचा आवाज बंद केला.

ती आरोळी दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. 'बे' हा आमचा नागपूरचा. पुण्यामुंबईच्या लोकांना तो उर्मटपणा वाटतो. आमच्याकडे तो भांडणातही येतो आणि लाडातही येतो. ऑन्टारिओतल्या आमच्या या छोट्या गावात मराठी घरं आहेत, पण ती सगळी मोजूनमापून बोलणारी. त्यांच्यापैकी कुणी भर स्टेडियममध्ये 'धर बे' ओरडलं, तर मी माझं नाव बदलीन. शिवाय बाबांचा आवाज वर चढला की शेवटी फाटायचा, नेमका 'बे'वर. टीव्हीतला आवाजही तिथंच फाटला होता.

बाबा नोकरीतून रिटायर झाले आणि आईला घेऊन आमच्याकडे राहायला आले. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. गुडघ्यावरचे वण दाखवायला त्यांना निमित्त लागत नसे. इथं आल्यावर पहिले काही महिने ते खिडकीत बसून रस्त्यावरून माणूस जातो का ते बघायचे, आणि माणूस काही जायचा नाही. मग एका शनिवारी दुरून ड्रम वाजताना ऐकू आले. विद्यापीठाचं स्टेडियम आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं. बाबा चपला काढून बूट घालून निघाले आणि संध्याकाळी परतले ते घसा बसवूनच.

"अगं, ही तर कबड्डीच आहे," त्यांनी जाहीर केलं. "यांनी उगाच मधात चेंडू घुसवून घोळ करून ठेवला."

इथला फुटबॉल पायाचा नाही. हेल्मेट घालायचं, चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला धरून पाडायचं. धरून पाडायचं म्हटल्यावर बाबांना बाकीचे नियम समजून घ्यायची गरजच वाटली नाही.

विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये वरच्या रांगेत, कठड्याजवळ, त्यांची जागा ठरून गेली. तिथून ते "धर बे!" अशी आरोळी ठोकायचे. पोरांना वाटायचं, हे आजोबा 'डर्बी' म्हणतायत, म्हणजे शेजारच्या गावाशी असते तशी चुरशीची मॅच. का म्हणतायत, ते कुणी विचारलं नाही. हळूहळू त्या स्टँडचा शिरस्ताच झाला: वरून बाबांचं "धर बे!" आणि खालून शेकडो पोरांचं "डर्बीऽऽ!" मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. पुढच्या रांगेतल्या पोराला खरा अर्थ सांगायला मी वाकले, तर बाबांनी माझा हात दाबला.

"राहू दे ना बे," ते म्हणाले. "चांगलं चालून राहिलं."

आईला तो मेला फुटबॉल डोळ्यांसमोर नको असे. शनिवारची तिची जेवणं गार व्हायची ती त्याच्यापायी. ती मागच्या दारात, कठड्यावर एक हात ठेवून उभी राहायची आणि हाक द्यायची, "अहोऽऽ!" बाबा गॅरेजमध्ये असोत, बेसमेंटमध्ये असोत, तिथून त्यांची ओ यायची. आईनं जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं नाही. 'अहो' आणि 'ओ', एवढ्यावर त्यांचा अख्खा संसार झाला. बाबांनी ओ दिली नाही असं एकदाच घडलं. आदल्या दिवशी, एवढ्या थंडीत मॅचला कशाला जाता म्हणून आई त्यांना बरंच बोलली होती. सकाळी तिनं जिन्यावरून हाक मारली, खालून ओ आली नाही. रुसले असतील, असं म्हणून ती पोळ्या लाटत राहिली. पोळ्या झाल्यावर मी त्यांना बोलवायला बेसमेंटमध्ये गेले. बाबा खुर्चीत बसले होते, बुटांची नाडी अर्धी बांधलेली, आणि ते गेलेले होते.

स्टेडियमवरची गर्दी मात्र ते जायच्या आधीपासूनच ओसरायला लागली होती. इथं विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गटातल्या टीम एकमेकींशी खेळतात. आमचा गट आसपासच्या गावांचा होता. मग टीव्हीवाले आले. जितका मुलूख मोठा तितके बघणारे जास्त, आणि तितका जाहिरातींचा पैसा. म्हणून जिथं विमानानंच जावं लागेल अशा प्रांतांतली विद्यापीठं आमच्या गटात आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! इथल्याच मॅचना माणसं कमी होत होती. त्यात ज्यांचं नावही कुणाला धड माहीत नाही अशा टीम यायला लागल्या. शेजारच्या गावाशी मॅच असली की अर्धं गाव लोटायचं, ती मॅच आता वर्षाआड होऊ लागली. वेळ टीव्ही ठरवायचा. मधेच एक माणूस मैदानात हात वर करून उभा राहायचा. टीव्हीवरची जाहिरात संपून त्याचा हात खाली येईपर्यंत दोन्हीकडचे खेळाडू थंडीत पाय आपटत थांबायचे.

"पंचाले कोणी विचारून नाही राहिलं," बाबा चरफडायचे. "टीव्हीच पंच झाला."

पोरं खोलीत बसून फोनवर मॅच बघायला लागली. स्टँडमध्ये माणसांऐवजी बाकं दिसायला लागली. बाबांच्या शेवटच्या सीझनला मी एकदा त्यांना न्यायला गेले, तेव्हा ते जिवाच्या आकांतानं "धर बे!" ओरडले आणि 'डर्बी' कुठून येतंय का म्हणून खाली बघत राहिले. कुठूनच आलं नाही. मग हातमोजे नीट करत असल्यासारखं त्यांनी केलं. 

तर, टीव्हीतून आरोळी आल्यावर पुढच्या शनिवारी मी एकटीच स्टेडियमवर गेले. ब्लँकेटं पांघरलेले खेळाडूंचे आईबाप आणि इकडंतिकडं पाचसात पोरं, एवढेच प्रेक्षक. कुणी कुणाला पाडलं की हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज यायचा आणि मग पुन्हा चिडीचूप. घरी येऊन तीच मॅच टीव्हीवर परत लावली. त्याच ठिकाणी, त्याच पाडापाडीला, हजारो माणसांचा दणदणीत जल्लोष. आणि त्यात बाबा.

माझ्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघतं ते इंग्रजीच. तिनं हेडफोन लावून शांतपणे ऐकलं. "मॉम, इट्स अ लूप," ती म्हणाली. "दे जस्ट प्ले ओल्ड क्राउड नॉइज. सो इट डझन्ट साउंड एम्प्टी." म्हणजे स्टँड भरलेले होते तेव्हाचा आवाज त्यांनी साठवून ठेवला होता आणि आता रिकाम्या मॅचवर तो वरून ओतत होते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. कारण कळलं, पण भीती गेली नाही. माणूस गेला आणि त्याच्या आरोळीला नोकरी लागली. समोर कोण कुठली टीम असो, आमच्यांनी कुणालाही पाडलं की बाबांना उठून ओरडावंच लागायचं.

आईला हे कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. शनिवारी दुपारी मी तिला काहीबाही कारण काढून ग्रोसरीला न्यायचे. पण झाकून किती दिवस राहणार? एका शनिवारी मला ऑफिसचा फोन आला, मी वरच्या खोलीत गेले आणि लेकीनं खाली टीव्ही लावला. मी जिना उतरून आले तेव्हा आई टीव्हीपुढं उभी होती. हातात निवडायला घेतलेली कोथिंबीर तशीच.

"अहो?" ती म्हणाली.

टीव्हीवर ट्रकची जाहिरात लागली होती.

त्या दिवसापासून दर शनिवारी आई इस्त्रीची साडी नेसून टीव्हीपुढं बसायला लागली. बाबांची आरोळी आली की "अहो" म्हणायची आणि थांबायची. पुन्हा आरोळी, पुन्हा "अहो". मॅच संपली की उठून खोलीत जायची आणि रात्री जेवायची नाही. मी तिला सगळं समजावून सांगितलं, लूप म्हणजे काय तेही सांगितलं. फोनवर तेवढाच तुकडा रेकॉर्ड करून दिला, हवा तेव्हा ऐक म्हटलं. तिनं फोन परत माझ्या हातात ठेवला.

"ते मला समजते गं," ती म्हणाली. "पण साऱ्या दुनियेसाठी ओरडून राहिले, आणि मलाच तेवढी ओ नाही देऊन राहिले. त्या सकाळचे रुसले ते रुसलेच."

 मी भांडी घासायला घेतली. मला रडू येत होतं आणि त्या टीव्हीवाल्यांचा संतापही येत होता, पण तो कुणावर काढणार?

ऑक्टोबरात बातमी आली. पुढच्या वर्षी आमची टीम आणखी मोठ्या कॉन्फरन्समध्ये जाणार, टीव्हीचं कंत्राटही नव्या कंपनीकडं. सगळं नवं, आवाजासकट. खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच कळलं, म्हणजे बाबांची आरोळीही जाणार. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे रुसूनच जाणार."

माझं डोकं फिरलं. "आई, ते तिथं नाहीत," मी म्हटलं. "तिथं कुणीच नाही. टीव्हीत दिसतं ते सगळं खोटं आहे. चल, एकदा डोळ्यांनी बघ, म्हणजे सुटशील."

सीझनच्या शेवटच्या मॅचला मी तिला घेऊन गेले. नोव्हेंबरची कोरडी, हाडात शिरणारी थंडी. आईनं साडीवर लेकीचं जाड जॅकेट घातलं होतं, पायात स्नोबूट. वरच्या रांगेपर्यंत ती कठड्याला धरधरून चढली. "इथं बसायचे?" तिनं विचारलं. मी हो म्हटल्यावर तिनं बाकावरून एकदा हात फिरवला आणि बसली.

 कुणी कुणाला पाडलं की ती पुढं वाकायची, ऐकायची, आणि परत मागं टेकायची. मैदानातला तो माणूस हात वर करून उभा राहिला की तीही त्याच्याकडं बघत बसायची.

"इथं तर ओरडूनही नाही राहिले," शेवटी ती म्हणाली.

"नाहीच ओरडणार. तो आवाज फक्त टीव्हीत आहे," मी म्हटलं. जरुरीपेक्षा जास्त कडक म्हटलं.

आमची टीम हरली. लोकांनी ब्लँकेटांच्या घड्या केल्या आणि ते पार्किंगकडं गेले. समोरचा स्टँड तर दुपारपासून रिकामाच होता, नुसतं काँक्रीट. "बघितलंस ना? चल आता," मी म्हटलं. आई उठली. मागच्या दारात उभी राहायची तशी, कठड्यावर एक हात ठेवून उभी राहिली आणि तिनं हाक मारली, तिच्या त्या जेवायला बोलवायच्या आवाजात.

"अहोऽऽ!"

मैदान ओलांडून, समोरच्या रिकाम्या स्टँडमधून, एक क्षण थांबून, उत्तर आलं.

"ओऽऽ."

 हा प्रतिध्वनी आहे, हे मला माहीत होतं. हाकेचा शेवटचा स्वरच तेवढा परत येतो, हे शाळेत शिकले होते. स्टँड भरलेला असता तर माणसांनी आवाज पिऊन टाकला असता आणि काहीच परत आलं नसतं, हेही कळत होतं. आवाज आईचाच होता. फक्त शेवटी जरासा फाटला, एवढं मात्र मला अजून कुणाला समजावता आलेलं नाही. मी आईला सांगायला तोंड उघडलं, आणि त्याच बाकापाशी माझा हात कुणी दाबला होता ते आठवलं. मी तोंड मिटलं.

आईनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"रुसले नव्हते गं," ती म्हणाली. "चल घरी. मला भूक लागली."